एकेचाळिसाव्या ओळीतली बोर

खलफकाकांशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं, आणि ते एका काट्यावरून झालं.

बनी रशवान गावाच्या सांडपाणी केंद्रावर इंजिनीअर म्हणून रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. गावातल्या घराघरांतलं पाणी आमच्याकडे येतं, तळ्यांमधून निवळत, हवा खात, वाळूतून गाळलं जात पुढे सरकतं आणि शेवटी वाळवंटात लावलेल्या जंगलाला ठिबकने दिलं जातं. महोगनी, सुरू, निलगिरी. तीनशे एकरांत नळ्या पसरल्यात. त्या नळ्या बघत फिरताना मला एक म्हातारा दिसला. डोक्याला पांढरं फडकं, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला. उकिडवा बसून तो नळीवरच्या ड्रिपरच्या, म्हणजे पाणी ठिबकतं त्या तोटीच्या, भोकात काटा घालत होता.

"काका, हे काय करताय? भोक मोठं होतं त्याने! ड्रिपर आम्लाने धुवायचे असतात."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "आम्ल कुठंय?"

"मागवलंय."

"तुमच्या आधीच्या साहेबांनीपण मागवलं होतं. त्यांची बदली झाली, आम्ल अजून यायचंय."

मला राग आला. मी त्या ओळीतले दहा ड्रिपर निवडले, प्रत्येकाखाली बाटली पुरली, घड्याळ लावलं. तासाभराने पाणी मोजलं. दहा बाटल्यांमध्ये चार टक्क्यांचाही फरक नव्हता. नव्या कोऱ्या ड्रिपरमध्येही इतकी समानता क्वचित मिळते. मी वही बंद केली. काका समोर बसून कांदा आणि उन्हात फुगवलेला पाव खात होते.

"मग? नापास?"

"पास," मी म्हटलं. "कसं काय?"

"लोक काटा भोसकतात. मी नुसता दाखवतो. शेवाळ घाबरून बाहेर येतं." मग त्यांनी फडक्याच्या घडीतून एक काटा काढून माझ्या हातावर ठेवला. "ठेव, पोरी. नवीन आहेस. लागेल."

चारचौघांत मी 'इंजिनीअरबाई' होते. दोघंच असलो की 'पोरी'. ते तेव्हापासून.

काटा बोरीचा होता, आणि बोर एकेचाळिसाव्या ओळीच्या टोकाला उभी होती. जंगलाच्या नकाशात ती नव्हती. नकाशात फळझाड असूच शकत नाही. आमच्या पाण्यावर वाढलेलं काहीही माणसाने खायचं नाही आणि जनावराला घालायचं नाही, हा पहिला नियम. कायद्याने मी ती उपटायला हवी होती.

"फळ मी ठेवत नाही," काका म्हणाले. "बोरं हिरवी असतानाच सगळी काढतो आणि पुरून टाकतो. दरवर्षी. विचार कुणालाही."

"तुम्ही कधी चाखलं नाही?"

"नियम आहे ना?"

त्यांचे हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले का असत, ते मला तेव्हा कळलं. एका झाडाची हजारो बोरं, काट्यांतून एकेक काढायची, ती न खाता पुरायची. असा माणूस झाड कशासाठी ठेवतो, हे मात्र मला कळेना आणि त्यांनी सांगितलं नाही. मी नोंदवहीत लिहिलं, 'वारा अडवण्यासाठीचं झाड, एक.' लिहिताना मला हसू आलं. एका झाडाने कुठला वारा अडणार?

उत्तर मिळायला दीड वर्ष गेलं.

त्या दीड वर्षात मी त्यांच्याकडून जे शिकले ते सांगायला बसले तर हे लिखाण फार लांबेल. एक सांगते. नळी फुटली की काकांना ती पाय लावून कळायची. चप्पल काढून ओळीतून चालायचे. वाळू एका जागी जरा जास्त गार लागली की थांबायचे. माझ्याकडे दाबमापक होतं. मी दाब बघून म्हणायचे, "काका, सतराव्या ओळीत गळती आहे," आणि ते सतराव्या ओळीतून हात हलवत ओरडायचे, "बुजवली!"

गावात त्यांना कुणी फारसं विचारत नसे. नावं ठेवत, पण थट्टेनं. चहावाला त्यांना बघितलं की म्हणायचा, "या, आमच्या संडासाचे सुलतान!" काका तितक्याच जोरात म्हणायचे, "तू रोज पाठवतोस ते मिळालं रे, झाडं आभारी आहेत." सगळे हसायचे, तेही हसायचे. मला वाटायचं, यांना काहीच लागत नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या शेजारची म्हातारी, उम्म रिफ्अत, वारली. दुसऱ्या दिवशी काका उशिरा आले. सायकलच्या मागच्या बाजूला निळ्या शालीत बांधलेलं गाठोडं होतं. त्यांनी ते गाठोडं बोरीखाली सोडलं. ताजा पाला, फांद्याफांद्यांनी, नीट काटे काढून रचलेला. त्यांनी तो झाडाच्या बुंध्याशी पसरला, शाल झटकली, घडी घातली आणि पंपघरातून लाकडाच्या चार छोट्या खुंट्या आणून बोरीच्या चारही ड्रिपरना बूच मारायला लागले.

"काका, काय करताय?"

"पाणी बंद."

"का?"

"घाण आहे ते."

बारा वर्षं या पाण्यावर काम केलेल्या माणसाच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. मी शेजारी वाळूत बसले. बराच वेळ ते बुचं घट्ट करत राहिले. मग एकदम सांगायला लागले.

आमच्याकडे मयताला शेवटची अंघोळ घालताना पाण्यात बोरीचा पाला चुरतात. कालव्याकाठी एक जुनी बोर होती, सगळं गाव तिथूनच पाला नेत असे. कालव्याला सिमेंट लावताना ती तोडली. त्याच उन्हाळ्यात काकांची बायको फिकरीया वारली.

"पाला मिळेना. मसाल्याच्या दुकानात गेलो, तर त्याने डबा खरवडून भुकटी दिली. कधीची कोण जाणे. अंघोळ घालायला हाज्जा नजाह आली होती. तिने भुकटी पाण्यात टाकली तर वर नुसती धूळ तरंगली. आतून तिने विचारलं, 'खलफ, दुसरी काही सोय?' मी दाराबाहेर उभा. काय सांगणार?" त्यांनी बुचावर अंगठा दाबला. "गल्लीतल्या सगळ्यांच्या गोधड्या धुवायची ती, पोरी. बाळंतिणींच्या, आजाऱ्यांच्या. आणि तिच्या अंघोळीला सात पानं मिळाली नाहीत."

त्याच हिवाळ्यात जंगलाच्या नव्या ओळी पडत होत्या; त्यांनी मेहुणीच्या गावाहून बोरं आणली, एक बी इथं लावलं. कुणाला सांगितलं नाही. झाड पाल्याने भरेपर्यंत थांबायचं ठरवलं. यंदा झाड भरलं होतं. उम्म रिफ्अत गेल्याचं कळताच ते पहाटेच येऊन पाला तोडून घेऊन गेले, फिकरीयाच्या शालीत बांधून.

"दारात तिची मुलगी होती, सनीया. आनंदली आधी. म्हणाली, 'खलफकाका, ताजा पाला! कुठे मिळाला?' मी म्हटलं, आमच्या जंगलातला. तिचा चेहराच बदलला. 'कुठल्या पाण्यावरचा?' आता खोटं कसं बोलू? मयताच्या दारात?"

"मग?"

"म्हणाली, 'काका, माझ्या आईला गटाराच्या पाल्याने धुवू?' वाईट नाही बोलली. रडत होती. मी गाठोडं घेऊन परत आलो."

दुसऱ्या दिवसापासून सायकलवर वीस लिटरचा पाण्याचा कॅन दिसायला लागला. घरच्या नळाचं पाणी. सहा किलोमीटर. सकाळी एक, दुपारी जेवायच्या सुट्टीत जाऊन आणखी एक. वय पासष्टच्या पुढे.

आणि मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला. मला आजवर कुणी इतक्या सरळपणे तांत्रिक प्रश्न विचारलेला नाही.

"पोरी, तू शिकलेली आहेस. झाड किती दिवसांत स्वच्छ होतं?"

"म्हणजे?"

"आठ वर्षं ते पाणी प्यायलीय ती. आता चांगलं पाणी देतोय. पानांतलं जुनं पाणी निघून जायला किती दिवस लागतात? काहीतरी हिशोब असेल ना?"

मला सांगायचं होतं की काका, पान घाण नसतंच. मुळं पाणी घेतात, जंतू घेत नाहीत. आपण फवारत नाही, जमिनीत देतो. झाड स्वतःच एक गाळणी आहे. मी हे सगळं सांगितलंही, वाळूत आकृती काढून. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे सहा महिने धरू?"

एप्रिलमध्ये गरम वारे सुटले. आमच्या ठिबकवर त्या झाडाला दिवसाला सत्तर लिटर जायचे, शिवाय त्यातलं नत्र. आता मिळत होते चाळीस, तेही कोरे. पानं आधी फिकी झाली, मग कडेने पिवळी. शेजारची महोगनी काळसर हिरवी आणि बोर उन्हात ठेवलेल्या जुन्या कागदासारखी. काका रोज सकाळी खाली पडलेली पानं गोळा करायचे, मोजायचे नाहीत, पण मूठ उघडून बघायचे. जूनपर्यंत झाड तग धरेल असं मला वाटत नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं.

"जुनी पानं गळतायत म्हणजे जुनं पाणी जातंय," ते म्हणाले.

"काका, झाड जातंय!"

ते कॅन सायकलला बांधत राहिले.

मी पानं तोडून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेली. शेंड्याची, मधली, खालची. आठवड्याने अहवाल आला. रोगजंतू शून्य. मी धावतच एकेचाळिसाव्या ओळीत गेले आणि त्यांना वाचून दाखवला, शिक्क्यासकट.

"छान," काका म्हणाले. "हा कागद दारात दाखवू? आत बाई रडतेय, बाहेर मी शिक्का दाखवतोय?"

त्यांचं बरोबर होतं. कागद माझ्यासाठी होता. गावात मयताच्या पाण्याबद्दल ज्यांचा शब्द चालतो त्या एकच, हाज्जा नजाह. चाळीस वर्षं त्या गावातल्या बायकांना शेवटची अंघोळ घालतायत. मी काकांना म्हटलं, त्यांच्याकडे जाऊ. ते नको म्हणाले. सनीयाने एकदा नाही म्हटलं ते ठीक, तिचं दुःख ताजं होतं. पण हाज्जाने नाही म्हटलं तर मग कायमचं नाही. त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी एकटीच गेले. हाज्जा अंगणात शिळा पाव कोंबड्यांना टाकत होत्या. ठेंगण्या, जाडजूड, आवाज तुतारीसारखा.

"तू गटारावरची इंजिनीअर ना? लग्न झालं?"

"नाही, हाज्जा."

"होणार कसं? बस."

मी सगळं सांगितलं. शाल, गाठोडं, कॅन. फिकरीयाचं नाव निघताच त्यांनी पाव टाकायचा थांबवला.

"ती धूळ मला आठवते," त्या म्हणाल्या. "मी आत बसून त्याला शिव्या घातल्या होत्या मनात. उद्या गाडी पाठव. आणि त्याला सांगू नकोस, पळून जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना केंद्राच्या गाडीतून आणलं. काका बोरीला कॅनमधलं पाणी घालत होते. हाज्जांना उतरताना बघून त्यांनी कॅन खाली ठेवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अरे खलफ," हाज्जा लांबूनच ओरडल्या, "झाड आहे की आजारी कोंबडी?"

"सलाम, हाज्जा. या."

"आलेच आहे. तुझं पाणी दाखव. हे नाही, ते."

काकांनी शेजारच्या महोगनीची नळी उचलून ड्रिपर काढला. हाज्जांनी ओंजळ धरली. पाणी भरू दिलं. उन्हात धरून रंग बघितला. नाकाजवळ नेलं. बोटं घासून पाहिली, जसं त्या बहुधा मयताच्या पाण्याचं करत असतील.

"रंग नाही. वास नाही. मातीचा आहे थोडा." मग माझ्याकडे वळून, "याचं करता काय तुम्ही?"

मी सांगायला लागले. गाळ बसवण्याचं तळं, हवेचं तळं, वाळू. किती दिवस कुठे. त्या मध्येच म्हणाल्या, "थांब. गावातून सगळ्यांचं येतं?"

"नळी जोडलेल्या सगळ्या घरांचं."

"अंघोळीचंही?"

"हो."

हाज्जांच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं होतं, तरी हात तसेच धरलेले.

"चाळीस वर्षं मी पाणी ओततेय," त्या हळू म्हणाल्या. तो आवाज त्यांचा वाटलाच नाही. "अंगणातल्या मोरीतून ते जातं. कुठे जातं, मी कधी विचार केला नाही. म्हणजे ते सगळं इथं येतं?"

"इथंच येतं, हाज्जा."

काकांच्या हातात ड्रिपर होता. त्यांनी तो नळीला परत लावायचा प्रयत्न केला, जमेना. मग म्हणाले, "आमच्या गल्लीची नळी फिकरीया गेली तेव्हा होती?" प्रश्न मला होता, पण ते बघत होते नळीकडे.

मला उत्तर ठाऊक होतं. जुने नकाशे मी पहिल्याच महिन्यात पाठ केले होते. "होती, काका. त्याच्या तीन वर्षं आधीपासून."

"किती दिवस लागतात? घरापासून झाडापर्यंत?"

"अकरा. बारा."

ते बोटांवर मोजू लागले. मीही मनात मोजत होते. ती गेल्यावर चौथ्या दिवशी ते कामावर परत आले होते, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. घरी बसवेना म्हणून.

"मग मीच," ते म्हणाले. "झडप मीच उघडली असेल."

"तेव्हा पहिल्या वीसच ओळी होत्या," मी म्हटलं. आकडा खरा होता, एवढंच.

काका तिथून निघाले. चपला बोरीखालीच राहिल्या. पहिल्या वीस ओळी पंपघराच्या पलीकडे आहेत. तिथली महोगनी आता दुमजली घराइतकी झालीय, खोड दोन पंजांत मावत नाही. आम्ही त्यांना झाडांमधून चालताना बघत होतो. ते कुठल्याच झाडापाशी थांबले नाहीत. कुठलं झाड, हे कोण सांगणार? एका ओळीतून गेले, दुसरीतून परत आले, अनवाणी, नेहमी गळती शोधतात तसे.

मी पुढे जायला निघाले तर हाज्जांनी माझा हात धरला. "राहू दे त्याला."

ते परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा सैल पडला होता. हाज्जांनी त्यांना बोलू दिलं नाही. बोरीखाली जाऊन एक पान तोडलं, चुरगाळलं, तळव्यावर थोडं पाणी घेऊन चोळलं. पाल्याचा बारीक फेस आला.

"भुकटीला हा येत नाही," त्या म्हणाल्या. "ऐक, खलफ. माझं वय झालं. माझी वेळ आली की मला याच पाल्याने धुवायचं. माझ्या मुलीला आज घरी गेल्या गेल्या सांगते. सनीयालाही सांगते, तीच पाणी ओतणार आहे, तिला मी शिकवतेय. हाज्जा नजाहला जो पाला चालतो तो कुणाला चालत नाही, ते बघतेच मी."

"हाज्जा, असं बोलू नका. तुम्हाला शंभर वर्षं—"

"शंभर वर्षं काय करू? पण हे झाड मेलं तर मी काय त्या दुकानातल्या धुळीने धुवून घेऊ? माझ्या आधी याला मारलंस तर बघ!" आणि गाडीकडे जाता जाता, "बोरं कशी लागतात याची?"

"चाखली नाहीत. नियम आहे."

"नियम पाळतो, झाड मारतो. शहाणा."

गाडी निघाली. मी मागे थांबले. काकांनी फडक्यातून एक काटा काढला, बोरीपाशी उकिडवे बसले आणि पहिल्या ड्रिपरचं बूच काढलं. खुंटी फुगून बसली होती, निघायला वेळ लागला. भोकात शेवाळ वाळून घट्ट झालं होतं. त्यांनी काटा भोसकला नाही, नुसता टेकवला, फिरवला, थांबले. आधी काहीच नाही. मग नळीत हवा फुसफुसली, हिरवट थेंब आला, आणि त्याच्यामागे स्वच्छ.

"ये," ते म्हणाले. मला नव्हे.

दुसरं बूच काढायला मी मदत करू का विचारलं. त्यांनी मानेने नको म्हटलं, मग जरा विचार करून बाजूला सरकले.

"ये, बस. पण काटा तुझा वापर. दिला होता ना तुला?"

होता. ओळखपत्राच्या पाकिटात, दीड वर्षाहून जास्त. मी तो काढला. चारही ड्रिपर सुरू झाल्यावर मी सवयीने बाटली लावायला निघाले, तर काका म्हणाले, "आज नको मोजूस." म्हणून नाही मोजलं. कॅनमध्ये घरचं अर्धं पाणी उरलं होतं. त्याचा आम्ही काळा चहा केला.